मुकादमाच्या आडून

दसऱ्यानंतर बीडकडील टोळ्या कोल्हापूरच्या उसाच्या फडांत उतरतात. त्यांना आणतो मुकादम. मुकादमाला उचल देतो वाहतूकदार. आणि वाहतूकदाराशी करार करतो साखर कारखाना. मुकादम उचल घेऊन परागंदा झाला की वाहतूकदार कर्जात बुडतो, कारखान्याची तोड रखडते. फडात मजूर दगावला, तर मात्र तो कोणाचाच नसतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापून घेणाऱ्या कारखान्याने ‘मजूर आमचे नव्हेत’ म्हणावे, हे विलक्षणच! वास्तविक कंत्राटदाराने वेतन थकविल्यास ते मूळ मालकाने चुकते करावे, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच घालून दिले होते. साखर आयुक्तांकडे गाळप परवाना मागतानाच कारखान्याने टोळीवार मजुरांची नावे व विम्याची कागदपत्रे सादर करावीत.