वर्गणी जमली, आता टिकाव उचला!

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याच्या तरुण मंडळांना समाजकार्याचा नमुना शोधायला लांब जायला नको. २०१६ साली पानी फाउंडेशनची जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत झाली, त्यात आपल्याच बीड जिल्ह्यातलं अंबाजोगाई होतं. भर उन्हाळ्यात गावकऱ्यांनी श्रमदानातून चर खणले.

चराची समपातळी काढायला महागडं यंत्र लागत नाही. तीन काठ्यांचा ‘ए’ आकाराचा सांगाडा करायचा आणि शेंड्याला दोरीनं दगड लटकवायचा. दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर स्थिरावली, की दोन्ही पाय एका पातळीत!

चरांच्या जोडीला झाडंही जगवायला हवीत. वृक्षारोपणाचे फोटो उदंड. मे महिन्यात रोपांना पाणी घालणारे मोजकेच. या कामांना मनुष्यबळ कमी पडलं तर कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर गावात बोलवावं. मुक्काम शाळेत, भाकरी घरोघरची.