दवाखान्याचा कारभार आणि आपली शिकाऊ मुले

कापडाच्या धंद्यात एक साधा नियम आहे. गठ्ठ्यावर जो नंबर, तोच बिल्टीवर आणि तोच वहीत. एका ठिकाणी तो चुकला की माल समोर असूनही सापडत नाही. दवाखान्यातील रोग्याच्या कागदांचेही तसेच आहे. हे काम शिकण्याची संधी आपल्या मुलांनी घ्यावी, म्हणून हा लेख.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. १८ ते ३५ वयाच्या तरुणांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळावा हा तिचा हेतू. बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. मुदत सहा महिन्यांची होती; २०२५ मध्ये ती अकरा महिने झाली.

बल्लारपूरची, आमच्या ओळखीतील नुकतीच बी.कॉम. झालेली एक मुलगी अशीच एका रुग्णालयाच्या कार्यालयात शिकायला गेली. पहिले काही दिवस तिने फक्त रांग पाहिली. राजुरा, गोंडपिपरी, अहेरीकडून एस.टी.ने आलेला माणूस केसपेपरसाठी उभा राही, खिडकीपाशी पोचल्यावर त्याला कळे की एक कागद घरी राहिला आहे. तोवर दुपार होई आणि परतीच्या गाडीची चिंता लागे.

दुसरी अडचण नावांची. आधारवर ‘मोहम्मद’, रेशनकार्डावर ‘महंमद’, जुन्या केसपेपरवर नुसते ‘मो.’, कोठे ‘शेख’ तर कोठे ‘शैख’. एकाच रोग्याचे तीन कागद तीन माणसांचे होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्ड व ओळखपत्र पाहिले जाते. तेथे नाव जुळले नाही तर मंजुरी अडकते, आणि रोगी खाटेवर वाट पाहतो.

तिने वरिष्ठांना विचारून तीन गोष्टी केल्या. रांगेतच कागद तपासले. नाव ओळखपत्रावरून अक्षरशः उतरवले. जुने केसपेपर नावाऐवजी नंबरवारीने लावले. खर्च काहीच नाही, पण खिडकीवरून माघारी जाणारे कमी झाले.

आता १४ अंकी आभा क्रमांक आला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या ‘स्कॅन अँड शेअर’ पद्धतीत मोबाईलने कोड टिपला की रोग्याची माहिती थेट खिडकीवर जाते. परंतु ज्याच्याजवळ तसा मोबाईल नाही, त्याच्याजवळ माणूसच उभा राहावा लागतो. उर्दू, हिंदी, मराठी आणि थोडी तेलुगू बोलणारी आपली मुले येथे उपयोगी पडतील.

मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. शिकाऊ उमेदवारी म्हणजे पक्की नोकरी नव्हे. मराठी टंकलेखन व संगणकावरील हिशेब आधी शिकून घ्यावा. आणि कोणाला कोणता आजार आहे, ही अमानत आहे; ती घरीसुद्धा बोलू नये.

घरातील सर्वांची नावे सर्व कागदांवर सारखी आहेत का, हे वाचकांनी आजच तपासावे. आजारपणात त्यासाठी वेळ मिळत नाही.