अफवेचा माग

माझा धंदा कोणता, असे कोणी विचारले की माझी मोठी पंचाईत होते. वार्ताहर आहे म्हणावे, तर लगेच पुढचा प्रश्न येतो, “राजकारण पाहता की गुन्हे?” मी म्हणतो, “अफवा पाहतो.” मग समोरचे गृहस्थ माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे बघतात. पूर्वी खेड्यापाड्यांतून पागी असत. धुळीतले पाऊल ओळखून ते थेट चोराच्या दारापर्यंत जाऊन पोचत. माझे काम त्याच जातीचे. माझी धूळ म्हणजे मोबाइलचा पडदा, आणि चोराचे दार शोधायला निघालेला मी पुष्कळदा एखाद्या प्रेमळ मावशींच्या दाराशी जाऊन उभा राहतो!

कंडी पिकवण्याची हौस आपल्याकडे व्हॉट्सॲपहून फार जुनी. २१ सप्टेंबर १९९५ रोजी ‘गणपती दूध पितो’ ही वार्ता दिल्लीत उठली आणि त्याच दिवशी देशभर, किंबहुना सातासमुद्रापलीकडेही जाऊन पोचली. मोबाइल तेव्हा देशात नुकता कोठे येत होता. पण त्या दिवशी खर्ची पडले ते दूध. आता ज्या प्रकरणाविषयी सांगायचे आहे, तेथे माणसे गेली.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा हे आदिवासी गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. त्या बाजारात काही परकी माणसे आली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, बहुतेक सोलापुरातल्या मंगळवेढ्याकडची. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलू लागला, एवढे निमित्त झाले. ‘पोरे पळवणारी टोळी’ अशी आवई उठली. जमावाने पाचजणांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि तेथेच त्यांचा जीव घेतला. त्याच रात्री मालेगावात असाच जमाव एका कुटुंबावर चालून गेला. त्यात दोन वर्षांचे मूलही होते. पोलिसांनी त्यांना कसेबसे सुखरूप बाहेर काढले, म्हणून तो आकडा पाचावर थांबला.

त्या दिवसांत मोबाइलवर जे फिरत होते, त्यात ओळीने ठेवलेल्या लहान मुलांच्या प्रेतांचे एक चित्र होते. ‘टोळीने मुले मारून अवयव काढले’ असा खाली मजकूर. चित्रावरून चित्र शोधण्याची सोय हल्ली संगणकावर फुकट मिळते, आणि कोणाही वाचकाला ती वापरता येते. चित्र आत घालावे आणि ते पूर्वी कोठे छापून आले आहे ते पाहावे. सर्वांत जुनी तारीख हाती लागली की निम्मे काम झाले. ही मुले सीरियातल्या गौटा भागातली. ऑगस्ट २०१३ मध्ये तेथे विषारी वायूचा हल्ला झाला, त्यात ती दगावली होती. म्हणजे मुले खरी, मरणही खरे. खोटा होता तो खालचा मजकूर.

दुसरी एक चित्रफीत तर देशभर गाजली. गल्लीत मुले खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात आणि एका पोराला उचलून पसार होतात. मूळ फीत कराचीतल्या ‘रोशनी’ नावाच्या संस्थेसाठी केलेली, मुलांना जपा असे सांगणारी. तिच्या शेवटी तेच दोघे परत येतात, पोराला खाली उतरवतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला. पाच-दहा सेकंदांची कात्री! आणि कात्री लावणाराचा माग काढावा, तर व्हॉट्सॲपवरचा निरोप २०१६ पासून असा मोहोरबंद असतो की खुद्द कंपनीलाही तो वाचता येत नाही. पावले नदीपात्रात शिरावीत, तसे आम्हा पाग्यांचे होते.

मग मागे उरतात मावशी. “का हो पाठवलेत?” असे विचारले की उत्तर ठरलेले, “खरे असले तर? सावध केलेले बरे.” यात दुष्टावा शोधूनही सापडायचा नाही. पोराबाळांची काळजीच आहे, आणि कोणीतरी नेमकी तीच जुंपली आहे. वासुदेव, बहुरूपी, नंदीवाले यांची शब्दचित्रे आपण दिवाळी अंकांतून हळवे होऊन वाचतो. तोच बहुरूपी जिन्यात दिसला की त्याचा फोटो सोसायटीच्या गटावर जातो, ‘सावध राहा’ या शब्दांसह. खेडुतांना अडाणी म्हणताना हे ध्यानात असू द्यावे.

राईनपाड्यानंतर त्याच जुलैत कंपनीने वर्तमानपत्रांतून पानभर जाहिराती दिल्या (मोबाइलची अफवा थोपवायला अखेर छापील कागदच धावून आला, याचे आम्हा जुन्या खोडांना थोडे बरे वाटले), आणि एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी निरोप पुढे धाडण्यास भारतात आडकाठी केली. वेग त्याने कमी झाला असेल. भीती तशीच राहिली.

१६ एप्रिल २०२०च्या रात्री, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हाती सापडले. गुरूंच्या अंत्यविधीसाठी ते सुरतेकडे निघाले होते. रात्री चोर आणि पोरे पळवणारे फिरतात, ही आवई त्या भागात आधीपासून होती. तिघेही मारले गेले. येथवर गोष्ट राईनपाड्याचीच. पण आता तिच्यावर दुसरे खोटे चढले, आणि ते मावशींच्या काळजीतून आलेले नव्हते. मारेकरी मुसलमान होते, असे निरोप धडाधड सुटले. अटक झालेल्या १०१ जणांची यादी गृहमंत्र्यांना जाहीर करावी लागली आणि त्यात एकही मुसलमान नाही, असे सांगावे लागले. पहिली अफवा घाबरलेल्या माणसांनी पसरवली. दुसरी पसरवणाऱ्यांना कसलीही भीती नव्हती. त्यांना भांडण हवे होते. माझ्या टिपणवहीत या दोहोंची पाने मी वेगळी ठेवतो. पहिल्यांशी बोलता येते.

सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात, लवंगा गावी, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना पोरे पळवणारे समजून काठ्यांनी बडवण्यात आले. चौघेही वाचले. पंढरपूरकडे निघाले होते. एका मुलाला त्यांनी रस्ता विचारला होता.