आधी माहितीपुस्तिका, मग संगणक प्रणाली

नव्या औषधाचे माहितीपत्रक वाचल्यावाचून वैद्य त्याची मात्रा ठरवीत नाही. दवाखान्यातील संगणकावर नवी प्रणाली बसविताना मात्र तिची माहितीपुस्तिका बहुधा न उघडताच राहते. ही उपेक्षा रुग्णास बाधू शकते, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या विषयातीलच उदाहरण घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच वर्षांपर्यंतच्या बालकांच्या वाढीची मानके प्रसिद्ध केली. त्यांवर आधारलेली ‘अँथ्रो’ ही प्रणाली वय, वजन व उंचीवरून बालकाचे पोषण पडताळते. दोन वर्षांखालील मूल आडवे निजवून मोजावे, त्यापुढील उभे करून, असा तिचा नियम आहे. उभ्या स्थितीत माप सुमारे ०.७ सेंटीमीटर कमी भरते. प्रणाली हा फरक भरून काढते; परंतु माप कसे घेतले, हे आपण सांगितले तरच. अठरा महिन्यांच्या मुलग्यासाठी खुरटेपणाची सीमारेषा ७६.९ सेंटीमीटर आहे. उभ्याने ७६.५ भरलेले माप ‘आडवे’ म्हणून नोंदले, तर मूल खुरटलेले ठरते. नोंद यथार्थ केल्यास तेच माप ७७.२ होऊन मूल रेषेच्या वर राहते.

याहून गंभीर बाब सुजेची. अंगावर सूज असलेल्या कुपोषित बालकाचे वजन साठलेल्या पाण्यामुळे फसवे असते. सुजेची नोंद केल्यास प्रणाली वजनावरील निष्कर्ष देतच नाही. असे बालक तीव्र कुपोषितच मानावयाचे असते. ती खूण राहून गेली, तर अत्यवस्थ मूल कागदोपत्री धडधाकट दिसेल.

अर्थात, पुस्तिका वाचणाऱ्यास कळेल अशा भाषेत हवी. २०२१ साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. ‘पोषण ट्रॅकर’ची इंग्रजी भाषा हे त्यामागील एक कारण होते. पुढे त्यात प्रादेशिक भाषा आल्या. घरी मराठी वा कोकणी, कचेरीत कन्नड आणि संगणकावर इंग्रजी अशा आमच्या लोंढा परिसरास हे निराळे सांगावयास नको.

तेव्हा समव्यवसायी बंधुभगिनींनो, प्रणाली बसविण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य वाचाव्यात: माहिती कोणत्या एककात व कोणत्या पद्धतीने भरावयाची, रिकाम्या जागेचा अर्थ प्रणाली काय लावते, आणि नोंदींची दुसरी प्रत कोठे राहते. त्यांचे सार मराठीत व कन्नडमध्ये लिहून संगणकाशेजारी लावावे. नोंद करणाऱ्या परिचारिकेस तोच खरा आधार ठरेल.