पानओवा : भजी, तंबळी आणि थोडी सावधगिरी

पावसाची झड लागली की ज्यांच्या दारात पानओव्याची कुंडी असते, त्यांच्याकडे भजी ठरलेली. जाड, मऊ लव असलेले, कडेने कातरल्यासारखे दिसणारे हे पान चुरगळले की ओव्याचा वास येतो. त्यामुळे मसाल्याच्या डब्यातला ओवा याच झाडाचा, असा पुष्कळांचा समज होतो. तसे नाही. ओवा धने-जिऱ्याच्या कुळातला, पानओवा तुळस-पुदिन्याच्या. ओव्यातले थायमॉल आणि पानओव्यातले कार्व्हाक्रॉल ही तैलद्रव्ये एकमेकांची भावंडे, म्हणून वास मिळताजुळता.

एक बाई मध्यंतरी ‘पत्थरचूर’ म्हणून आणलेले रोप दाखवायला आल्या. भजी करू का, असे विचारत होत्या. ती होती पानफुटी! दोन्ही झाडांना काही ठिकाणी हेच नाव असल्याने घोटाळा होतो. पानफुटीचे पान गुळगुळीत असते, त्याला ओव्याचा वास नसतो आणि कडेला नवी रोपे फुटतात. तिच्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. ती खाऊन गुरे दगावल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा आधी पान चुरगळून हुंगावे. ओव्याचा वास नसेल तर ते स्वयंपाकघरात नेऊच नये.

पान रसाळ असते, म्हणून धुऊन फडक्याने नीट टिपावे, नाहीतर तेल उडते. बेसनात चमचाभर तांदळाचे पीठ, हळद, तिखट, मीठ घालून पान त्यात बुडवावे व मध्यम आचेवर तळावे. अर्थात पान कितीही पाचक म्हटले तरी भजी ती भजीच. रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांनी दोनावर थांबावे. त्यांच्यासाठी कारवार-मंगळूरकडची तंबळी बरी. चार-पाच पाने, थोडे जिरे व दोन मिरी चमचाभर तुपात परतावीत, ओल्या खोबऱ्याबरोबर वाटावीत आणि ताकात कालवून भातावर घ्यावीत. ही तंबळी उकळायची नसते. पाने याहून जास्त घातली तर उग्र लागते.

तान्ह्या बाळाला खोकल्यासाठी या पानांचा रस मधातून चाटवण्याची पद्धत मात्र सोडावी. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काही नको, आणि वर्षाच्या आत मध मुळीच नको. त्यातून बाळाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळाचा श्वास जलद चालत असेल, पोट उडत असेल तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तडक दवाखाना गाठावा.