हृदय व रोहिण्यांचे श्राव्यातीत परीक्षण

मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या, म्हणजे दर सेकंदास २०,००० पेक्षा अधिक कंपने असणाऱ्या ध्वनितरंगांच्या साहाय्याने हृदय व रोहिण्या यांची रचना, हालचाल आणि त्यांतून वाहणाऱ्या रक्ताचा वेग अजमावण्याच्या पद्धतीस श्राव्यातीत परीक्षण म्हणतात. व्यवहारात उदराच्या व गर्भाच्या परीक्षणास ‘सोनोग्राफी’, हृदयाच्या परीक्षणास ‘टू-डी इको’ आणि रक्तप्रवाहाच्या परीक्षणास ‘डॉप्लर’ ही नावे रूढ आहेत. या परीक्षणात क्ष-किरणांसारखे आयनीकारक प्रारण वापरले जात नाही आणि ते पुनःपुन्हा करता येते. त्यामुळे मधुमेह व गर्भारपणा या दोन अवस्थांत त्याला विशेष महत्त्व आहे. दोहोंतही हृदय व रोहिण्यांवर ताण पडतो आणि बिघाड बराच पुढे जाईपर्यंत लक्षणे जाणवत नाहीत. मात्र मापनाचा अर्थ रोहिणी कोणती व शरीराची अवस्था कोणती यांवर ठरतो. एका ठिकाणी आरोग्याचे असणारे चिन्ह दुसऱ्या ठिकाणी रोगाचे असू शकते.

तत्त्व : काही स्फटिकांवर दाब दिला असता विद्युत् भार निर्माण होतो, असे पीएर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. उलटपक्षी, अशा पदार्थास विद्युत् दाब दिल्यास तो कंप पावतो. या दाबविद्युत् परिणामामुळे हातात धरावयाचा एकच संवेदक (प्रोब) ध्वनितरंग सोडतो व परत आलेले प्रतिध्वनीही टिपतो. मृदू ऊतकांत ध्वनीचा वेग सरासरी १,५४० मी. प्रतिसेकंद धरून, प्रतिध्वनीस लागलेल्या वेळेवरून खोली काढतात. प्रौढ व्यक्तीच्या हृदयासाठी सु. २ ते ५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रता वापरतात. मानेतील रोहिण्या त्वचेलगत असल्याने त्यांसाठी अधिक कंप्रता वापरता येते व त्यामुळे तपशील सूक्ष्म दिसतो.

क्रिस्टिआन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार गतिमान तांबड्या कोशिकांवरून परावर्तित झालेल्या ध्वनीची कंप्रता बदलते. या फरकावरून रक्ताचा वेग व दिशा कळते. अरुंद झडपेतून जाणाऱ्या रक्ताच्या वेगावरून (मी. प्रतिसेकंद) झडपेच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरकही काढता येतो : वेगाच्या वर्गाला चाराने गुणले की तो मिमी. पाऱ्यात मिळतो. उदा., वेग ४ मी. प्रतिसेकंद असल्यास फरक सु. ६४ मिमी. असतो.

इतिहास : स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर व हेल्मुट हर्ट्‌झ यांनी धातूंतील तडे शोधण्याचे औद्योगिक उपकरण वापरून १९५३ मध्ये हृदयाच्या हालचालींचा पहिला प्रतिध्वनी आलेख मिळविला. त्याच दशकात जपानमध्ये शिगेओ सातोमुरा यांनी डॉप्लर तत्त्व हृदयाच्या परीक्षणास लावले. ग्लासगो येथील इअन डोनल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांचा उदर व गर्भ यांच्या परीक्षणावरील निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. नाळेतील रक्तप्रवाहाची डॉप्लर पद्धतीने केलेली नोंद १९७७ मध्ये डब्लिन येथून, तर ग्रीवा रोहिणीच्या भित्तीची जाडी मोजण्याची पद्धत १९८६ मध्ये इटलीतून प्रसिद्ध झाली.

मधुमेहातील उपयोग : अमेरिकेतील फ्रेमिंगॅम येथील दीर्घकालीन पाहणीचे १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते, की मधुमेह्यांत हृद्‌निष्फलतेचे प्रमाण पुरुषांत इतरांच्या दुपटीहून अधिक व स्त्रियांत सु. पाचपट असते. हृद्‌रोहिण्यांचा विकार व अतिरिक्त रक्तदाब ही त्याची मोठी कारणे होत. तथापि ती नसतानाही मधुमेहात हृत्स्नायू विकृत होऊ शकतो. प्रारंभी तो आकुंचन पुरेसे पावतो, परंतु ताठर झाल्यामुळे सहज सैल पडत नाही. डाव्या निलयाच्या प्रत्येक आकुंचनात बाहेर टाकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण निरोगी व्यक्तीत सर्वसाधारणपणे ५५ ते ७० टक्के असते. या अवस्थेत ते प्राकृतच आढळते. म्हणून केवळ त्यावर विसंबता येत नाही. निलय भरताना होणाऱ्या प्रवाहाचा व झडपेच्या कड्याच्या हालचालीचा वेग मोजल्यास ताठरपणा उघड होतो. आकुंचनाच्या वेळी स्नायुतंतू किती टक्क्यांनी आखूड होतात, या मापनातही घट लवकर दिसते. तंत्रिका विकृतीमुळे काही मधुमेह्यांना हृदयविकाराच्या झटक्यातही छातीत दुखत नाही. अशा वेळी निलयाच्या भित्तीचा एखादा भाग हलत नसल्याचे दृश्यच झटका येऊन गेल्याची साक्ष देते.

ग्रीवा रोहिणीच्या परीक्षणात मेदयुक्त पुटे शोधतात. भित्तीची जाडी एखाद्या ठिकाणी १.५ मिमी. किंवा अधिक असल्यास तेथे पूट आहे असे सामान्यतः मानतात. नुसती भित्तीची जाडी मात्र सर्वांत नेमाने मोजण्याची शिफारस अमेरिकेतील हृद्‌रोग संस्थांनी २०१३ मध्ये केली नाही. पायाच्या रोहिण्यांसाठी घोट्याजवळच्या रक्तदाबास दंडातील रक्तदाबाने भागतात. हे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी असल्यास रोहिणी अरुंद झाल्याचे समजतात. दीर्घकालीन मधुमेहात भित्तीचे कॅल्सीभवन होऊन रोहिणी दबेनाशी होते व गुणोत्तर फसवे मोठे येते. म्हणून १.४ पेक्षा अधिक गुणोत्तर हे आरोग्याचे लक्षण नव्हे. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातील दाब व प्रत्यक्ष प्रवाह पाहावा लागतो. वेळीच झालेले हे निदान पाय कापण्याचा प्रसंग टाळू शकते.

गर्भारपणातील उपयोग : गर्भारपणात रक्ताचे आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी व हृदयातून दर मिनिटास बाहेर पडणारे रक्त ३० ते ५० टक्क्यांनी वाढते. हृदयाचे कप्पे किंचित मोठे होतात व झडपांतून थोडी गळतीही दिसू शकते. हे बदल स्वाभाविक असून त्यांना रोग समजणे ही चूक ठरते. याउलट धाप लागणे व पाय सुजणे ही लक्षणे ‘गर्भारपणामुळेच’ म्हणून सोडून देणेही घातक असते. झडपांचा जुना संधिवातजन्य विकार या काळात प्रथमच उघडकीस येऊ शकतो. तसेच गर्भारपणाच्या अखेरीस किंवा प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांत हृत्स्नायू एकाएकी दुर्बळ होण्याचा एक विकार आहे. त्यात निलयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण ४५ टक्क्यांपेक्षा खाली जाते. दोहोंचा उलगडा हृदयाच्या श्राव्यातीत परीक्षणाने होतो.

रोहिण्यांच्या प्रवाहाचा अर्थ येथे पालटतो. विश्रांतीच्या वेळी पायाच्या निरोगी रोहिणीत रोध जास्त असतो व प्रत्येक स्पंदात रक्त क्षणभर मागेही सरकते. प्रवाह मंद, अखंड व एकाच दिशेचा झाला की वर कोठे तरी अडथळा आहे असे समजतात. गर्भाशय रोहिणीत याच्या उलट असते. प्राकृत गर्भारपणात वारेतील कोशिका गर्भाशयाच्या सर्पिल रोहिण्यांच्या भित्तीत शिरून त्या रुंद करतात. परिणामी रोध घटतो व हृदयाच्या प्रसरणकाळातही रक्त मुबलक वाहते. रोध वाढलेलाच राहिल्यास पुढे रक्तदाब वाढून लघवीत प्रथिन जाण्याचा (गर्भाक्षेपकपूर्व) विकार व गर्भाची वाढ खुंटणे संभवते. मातेचा पूर्वेतिहास, रक्तदाब, रक्तातील काही द्रव्ये व गर्भाशय रोहिणीचा रोध यांच्या आधारे पहिल्या तिमाहीत जोखमीच्या स्त्रिया निवडता येतात. अशा स्त्रियांना ॲस्पिरिनाची १५० मिग्रॅ. मात्रा दिल्यास मुदतपूर्व प्रसूतीस कारण होणारा हा विकार सु. ६२ टक्क्यांनी घटला, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. हे औषध वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे असते.

मधुमेही मातेचा गर्भ : गर्भधारणेपूर्वीपासून मधुमेह असल्यास गर्भाच्या हृदयात जन्मजात व्यंग असण्याची शक्यता अनेक पटींनी वाढते. त्यामुळे साधारणतः १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान गर्भहृदयाचे विशेष परीक्षण करतात. पुढील काळात मातेच्या रक्तातील वाढलेल्या शर्करेमुळे गर्भात अधिक इन्शुलीन स्रवते व हृदयातील पडदा जाड होतो. जन्मानंतर काही महिन्यांत हा दोष बहुधा ओसरतो. नाळेच्या रोहिणीत प्रसरणकाळातील प्रवाह थांबणे किंवा उलट होणे ही धोक्याची खूण होय. परंतु मधुमेहात गर्भाला असणारा धोका केवळ वारेच्या रोधामुळे नसून शर्करेच्या चढउतारांमुळेही असतो. म्हणून नाळेतील प्रवाह प्राकृत आढळला तरी शर्करेचे नियंत्रण व गर्भाच्या वाढीवरील देखरेख सैल करता येत नाही.

मर्यादा व सुरक्षितता : निष्कर्षांची अचूकता परीक्षकाच्या कौशल्यावर फार अवलंबून असते. ध्वनितरंग व रक्तप्रवाह यांतील कोन मोठा असल्यास वेग चुकीचा येतो. स्थूलपणा व फुप्फुसातील हवा यांमुळे प्रतिमा अस्पष्ट होते. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या तीव्रतेत गर्भास अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही ध्वनीने ऊतक किंचित तापत असल्याने पहिल्या तिमाहीत गर्भावर डॉप्लरचा वापर गरजेपुरता व अल्पकाळच करतात. गर्भलिंगनिदानासाठी या तंत्राचा दुरुपयोग होऊ लागल्याने महाराष्ट्र राज्याने १९८८ मध्ये व केंद्र शासनाने १९९४ मध्ये त्यास आळा घालणारे कायदे केले. केंद्रीय कायद्यानुसार गर्भवतीच्या परीक्षणाची विहित नोंद ठेवावी लागते.

प्रसूतीनंतर हा विषय संपत नाही. गर्भारपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा, तर गर्भाक्षेपकपूर्व विकार झालेल्यांना हृद्‌रोहिणी विकार होण्याचा धोका अधिक असतो. दुसऱ्या गटात तो इतर स्त्रियांच्या सु. दुप्पट आढळतो. अशा स्त्रियांची रक्तशर्करा व रक्तदाब नियमितपणे तपासणे आणि जरूर तेथे हृदयाचे श्राव्यातीत परीक्षण करणे इष्ट असते.