कळकलेल्या कढीचा धडा

गेल्या श्रावणांत उरवडे येथील आमच्या घरीं नव्या सुनेनें मोठ्या हौसेनें आमच्या मातोश्रींच्या पितळी पातेल्यांत कढी केली व ती तशीच झांकून ठेविली. सायंकाळीं कढी कळकलेली निघाली. घोट घेतांच मुलांस मळमळूं लागलें. बोल सुनेस लागला. वस्तुतः पातेल्याची कल्हई उडाली आहे, हें आम्हां वडील मंडळींपैकीं कोणीच पाहिलें नव्हतें.

पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचा मिश्रधातु. आंबट पदार्थाच्या संगतींत धातूचे अणु आपले विद्युत्कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, हवेंतील प्राणवायूस देतात व स्वतः क्षाररूपानें अन्नांत उतरतात. हेंच कळकणें. कल्हईवाला भांडें तापवून नवसागर टाकतो, तो धातूवरील मळ जावा म्हणून. मग २३२ अंशांवर वितळणारें कथील कापसानें सर्वत्र पसरतो. कथीलही किंचित् झिजतें. पण त्याचा अपाय तांब्याहून पुष्कळच कमी.

गंमत अशी कीं, विद्युत्कणांची हीच देवघेव बंदिस्त डबींत नियमानें घडविली म्हणजे तिची विजेरी होते. लिथियमच्या अशा विजेरीबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांस २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कढी नासविणारा व्यवहारच सुनेचा मोबाइल चालवितो!

कल्हईवाल्याची हांक आतां क्वचितच कानीं येते. तेव्हां भांडें पुण्यास तांबट आळींत न्यावें. तोंवर आंबट पदार्थ चिनी मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यांत ठेवावा. आणि कल्हई पाहण्याचें काम एकट्या सुनेवर टाकूं नये. आम्हीं तें आतां आपल्याकडे घेतलें आहे.